डिकी ऑर्गनायझर : पेटीवाला घ्यायचा की लटकवायचा?

ऑनलाइन डिकी ऑर्गनायझर शोधलं की एकाच नावाखाली दोन वेगळ्याच वस्तू दिसतात. एक घडीचा कापडी खोका, आत दोन-तीन कप्पे, तो डिकीत खाली ठेवायचा. दुसरा मागच्या सीटच्या हेडरेस्टला पट्ट्यांनी अडकवून डिकीच्या बाजूला सोडायचा, सगळे खिसेच खिसे, दारामागे चपलांसाठी लावतात ना तसा.

मी आधी लटकवायचा घेतला, स्वस्त होता आणि डिकी रिकामी राहते म्हणून. मग त्यात कूलंटची बाटली, पाने, टायरचा पंप, सगळं कोंबलं. खंबाटकीच्या वळणांवर मागून धपधप सुरू, आई म्हणाली मागे कोण ठोकतंय रे, साताऱ्यात डिकी उघडली तर एका पट्टीची शिवण उसवलेली आणि पंप पिशवीतल्या टोमॅटोंवर. चूक माझीच, तो जड सामानासाठी नसतोच. छत्री, फडकी, जंपर केबल, कागदी पिशव्या, फर्स्ट एड, एवढंच ठेवा.

घ्यायच्या आधी हेडरेस्ट बघा पण. बऱ्याच गाड्यांच्या खालच्या व्हेरियंटला मागचे हेडरेस्ट सीटलाच जोडलेले असतात, मधे दांडी नाही, मग पट्टी अडकवणार कुठे? आणि सामानासाठी सीट पाडायची सवय असेल तर दरवेळी पट्ट्या सोडा, परत बांधा, कंटाळा येतो.

जड वस्तू पेटीत, आणि पेटी सीटच्या पाठीला अगदी टेकवून, म्हणजे जोरात ब्रेक लागला तरी तिला पुढे सरकायला जागाच उरत नाही. बऱ्याच पेट्यांना खाली वेल्क्रो असतं, ते कार्पेटला घट्ट धरतं पण रबर मॅटवर अजिबात नाही, हे विकणारा सांगत नाही. तळाला पुठ्ठा असेल तर नको, पावसाळ्यात एक ओली छत्री ठेवली की तो फुगतो, प्लास्टिकची शीट बघा. हँडलची पट्टी तळाखालून शिवून आलेली हवी, कारण स्टेपनी डिकीच्या तळाखाली असली की पंक्चर झाल्यावर ही भरलेली पेटी रस्त्याच्या कडेला उचलून ठेवावी लागते आणि नुसतं कापडाला शिवलेलं हँडल नेमकं तेव्हाच तुटतं.

माप घेताना ब्रोशरमधले लिटर विसरा. वॅगनआरची डिकी ३४१ लिटर म्हणतात, पण पेटी बसणार की नाही हे दोन्ही चाकांच्या फुगवट्यामधली रुंदी आणि पार्सल ट्रेपर्यंतची (डिकीवरच्या झाकणाच्या फळीपर्यंतची) उंची ठरवते. सोपा उपाय, पेपर पसरून पेटीच्या मापाचा कापा आणि डिकीत ठेवून बघा.

सीएनजीवाल्यांचं गणित वेगळं. आडवी मोठी टाकी असेल तर तिच्यापुढे उरते जेमतेम चिंचोळी जागा, तिथे मोठी पेटी बसतच नाही, मग टाकीच्या वर मावेल असा आखूड लटकवायचाच बरा, फक्त टाकीचा व्हॉल्व्ह झाकला जाऊ देऊ नका, वेळेला हात पोचला पाहिजे. टाटाने २०२३ मध्ये अल्ट्रोझपासून दोन छोट्या टाक्या तळाखाली दिल्या, त्यात वरचा भाग सपाट मिळतो, तिथे पेटी चालते, पण उंची कमी, म्हणून बुटकी घ्या.

माझ्याकडे आता दोन्ही आहेत. पंप पेटीत असतो, टोमॅटो पुढच्या सीटखाली.