संगणक रखडला म्हणजे प्रोसेसर म्हातारा झाला?

‘चार-पाच वर्षं झाली, आता प्रोसेसर बदला’ हा सल्ला सोलापुरात वर्षानुवर्षं ऐकू येतो. तो चुकीचा आहे. प्रोसेसर वयाने मंदावत नाही. फार तापला की मात्र स्वतःच वेग कमी करतो. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४० अंशांपुढे जातो, त्यात यंत्रमागाच्या शेडला लागून ऑफिस असेल तर पंख्यात कापसाची धूळ दाटते. आधी ती साफ करा, प्रोसेसरची उष्णता बाहेर न्यायला मदत करणारी थर्मल पेस्ट नवी लावा. जुनी हार्ड डिस्क असेल तर तिच्या जागी एसएसडी (जास्त वेगवान डिस्क) बसवा, फरक लगेच कळतो. मग नेहमीचं काम चालू ठेवून विंडोजमधला टास्क मॅनेजर (कोणत्या भागावर किती ताण आहे ते दाखवतो) बघा. त्यात सीपीयू, म्हणजे प्रोसेसरचा वापर, सतत १०० टक्क्यांजवळ असेल तर प्रोसेसरचा विचार जरूर करा, पण मदरबोर्डचं सॉकेट (प्रोसेसर बसवायची जागा) तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. इंटेलच्या बाराव्या पिढीचा डेस्कटॉप प्रोसेसर अकराव्या पिढीच्या बोर्डावर बसतच नाही.