जॉर्जियन महोगनी खुर्च्या

इंग्लंडच्या गादीवर १७१४ ते १८३० लागोपाठ चार जॉर्ज बसले, म्हणून त्या काळातल्या फर्निचरला जॉर्जियन म्हणतात, आणि त्यात सगळ्यात भाव खाऊन गेली ती महोगनीची खुर्ची. आधी तिकडे अक्रोडाचं लाकूड चालायचं. पण १७२० ला फ्रान्सने अक्रोडाची निर्यात बंद केली, १७२१ ला ब्रिटिश पार्लमेंटने वसाहतींतून येणाऱ्या लाकडावरचा कर रद्द केला, मग काय, जमैकाची महोगनी लंडनच्या सुतारांकडे जहाजं भरभरून यायला लागली. ती झाडं तोडायचे आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम, ही गोष्ट अँटिकवाले सहसा सांगत नाहीत.

लाकूड घट्ट, कीड सहज लागत नाही, आणि पटाशीने बारीक कोरलं तरी तुटत नाही. म्हणूनच पाठीची मधली फळी अगदी जाळीसारखी कोरता आली. आधीच्या खुर्च्यांचे पाय वळणदार, खाली पंज्यात धरलेला गोळा. नंतर सरळ चौकोनी पाय आले. लंडनचा फर्निचर बनवणारा थॉमस चिपेंडेल, त्याने १७५४ ला डिझाइनचं पुस्तकच छापलं, ते बघून कुठलाही सुतार तशी खुर्ची करू शकत होता, त्यामुळे आज कोणी 'चिपेंडेल' म्हणालं तर बहुतेक वेळा ती नुसती स्टाइल असते, त्याच्या वर्कशॉपचा माल नव्हे. त्याच्यानंतरचे दोन फर्निचर डिझायनर म्हणजे हेपलव्हाइट आणि शेरेटन: हेपलव्हाइटच्या खुर्चीची पाठ ढालीच्या आकाराची (त्याचं पुस्तक तो गेल्यावर बायकोने १७८८ ला काढलं), शेरेटनची चौकोनी.

आता खरी-खोटी कशी ओळखायची, तर खुर्ची सरळ उलटी करायची. वरचं पॉलिश कोणीही करतं हो, खालचं कोण बघतंय! सांधे एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवलेले हवेत, गोल खुंट्यांचे असतील तर बहुतेक नंतरचा माल. करवतीच्या खुणा सरळ हव्यात, कमानीसारख्या गोल दिसल्या तर गोल पात्याची मशीन चाललीय, म्हणजे एकोणिसावं शतक किंवा त्यानंतरचं. सीट काढता येत असेल तर आतल्या चौकटीवर पटाशीने कोरलेले रोमन आकडे शोधा, सेटमधली कुठली सीट कुठल्या खुर्चीची ते कळायला सुतार ते टाकायचे. आणि आठचा सेट मिळाला म्हणून लगेच खूश होऊ नका, सहा खुर्च्यांचे भाग सुटे करून, मधे नवीन लाकूड घालून आठ बनवायची ट्रिक जुनीच आहे.