ड्रॅगन क्वेस्टचं अमेरिकन आजोळ

जपानी आरपीजी (रोल-प्लेइंग गेम, म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायचा व्हिडिओ गेम) म्हणजे अस्सल जपानी मातीतला प्रकार, पाश्चात्त्य गेम्सचा त्याच्याशी काही संबंध नाही, असं गेमर मंडळी वर्षानुवर्षं ठामपणे सांगत आली आहेत. ते खरं नाही.

या प्रकाराचा पाया घालणारा 'ड्रॅगन क्वेस्ट' १९८६ साली निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या घरगुती गेम-यंत्रावर आला. त्याचे कर्ते युजी होरी 'विझर्ड्री' आणि 'अल्टिमा' या अमेरिकन कॉम्प्युटर गेम्सचे चाहते होते, आणि हे त्यांनी कधी लपवलंही नाही. नकाशा वरून पाहत भटकायचं, हे अल्टिमाचं. लढाई जुंपली की राक्षस थेट समोर आणि मेनूतून हुकूम सोडायचे, हे विझर्ड्रीचं. होरींनी दोन्ही सांधून मोजक्या बटणांवर आणलं, लहान मुलांनाही झेपेल इतकं सोपं केलं. खरी करामत ती, आणि ती मुळीच लहान नाही. विझर्ड्री तर जपानमध्ये असा रुजला की २००१ मध्ये अमेरिकेतली मूळ मालिका थांबल्यावरही जपानमध्ये नवे भाग निघत राहिले.

उलटा प्रवाहही आहेच. टोबी फॉक्स या अमेरिकन निर्मात्याच्या 'अंडरटेल'वर (२०१५) जपानी 'मदर' मालिकेची छाप स्पष्ट दिसते. २०२५ मधल्या 'क्लेअर ऑब्स्क्युर: एक्स्पिडिशन ३३'चे फ्रेंच निर्माते तर जपानी 'फायनल फँटसी' मालिकेचं ऋण मोकळेपणानं मान्य करतात.