जनुक-परिवर्तित शोभेचे मासे पाळण्याची नीती (गोव्याच्या संदर्भात)

दुसऱ्या जीवाचे जनुक अंड्यात घालून ज्यांच्या अंगाला झगझगीत रंग आणला आहे आणि हा रंग ज्यांच्या पिल्लांतही उतरतो, अशा माशांना जनुक-परिवर्तित शोभेचे मासे म्हणतात. ‘ग्लोफिश’ हे त्यांचे सर्वांत प्रसिद्ध व्यापारी नाव. भारतातल्या दुकानांत मात्र ग्लो टेट्रा, ग्लो डॅनिओ, ग्लो बार्ब अशी सरसकट नावे चालतात. ते पाळणे योग्य की नाही, या वादात माशाच्या हिताबद्दल पुष्कळ बोलले जाते आणि टाकीबाहेरच्या पाण्याबद्दल फार कमी. गोव्यात मात्र खरी अडचण या पाण्याचीच आहे.

१९९९ मध्ये सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात झियुआन गाँग आणि सहकाऱ्यांनी जेलीफिशमधल्या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचे जनुक झेब्रा माशात (हाच डॅनिओ) घातले. पाणी दूषित झाले की चमकून तसे दाखवणारा मासा तयार करणे हा त्यांचा हेतू होता. पुढे अमेरिकेतील यॉर्कटाउन टेक्नॉलॉजीज या कंपनीने विक्रीचे हक्क घेतले आणि २००३ च्या अखेरीस मासे बाजारात आणले. प्रदूषण ओळखण्यासाठी सुरू झालेले काम दिवाणखान्याच्या शोभेकडे वळले, आणि नैतिक आक्षेपांची सुरुवातही तिथूनच झाली. कॅलिफोर्नियाच्या मत्स्य आयोगाने धोका कमी असल्याचा शास्त्रज्ञांचा अभिप्राय समोर असूनही त्याच वर्षी परवानगी नाकारली. केवळ करमणुकीसाठी प्राण्याच्या जनुकांत फेरफार करणे बरोबर नाही, अशी तिथली भूमिका होती. ही बंदी २०१५ मध्ये उठली. युरोपीय संघात या माशांची विक्री आजही बेकायदा आहे.

दुकानात हे मासे निळ्या दिव्याखाली ठेवलेले असतात. मागे काळा कागद, तळाला काळी वाळू, आणि त्यावर शेंदरी, पोपटी, गुलाबी ठिणग्या फिरताना दिसतात. मासा स्वतः प्रकाश देत नाही. तो निळा प्रकाश शोषून दुसऱ्या रंगात परत टाकतो. दिवा मालवला की चमक जाते आणि साध्या उजेडात नुसता गडद रंगाचा मासा उरतो. म्हणून घरी आणल्यावर लोक निळा दिवा रात्रंदिवस पेटता ठेवतात. माशांनाही अंधार आणि विसावा लागतो. सतत उजेडात ठेवलेला झेब्रा मासा नीट झोपत नाही, हे प्रयोगशाळांत दिसून आले आहे.

या माशांना रंग टोचलेला असतो असा समज आहे, तो चुकीचा आहे. टोचण्याचा प्रकार वेगळा, आणि कितीतरी क्रूर. आपल्याच नद्यांतल्या पारदर्शक काचमाशाच्या अंगात सुईने रंग भरून तो ‘रंगीत’ म्हणून विकला जात असे. त्यात मासे मरत, वाचलेल्यांना रोग होत, आणि रंगही काही महिन्यांत ओसरत असे. त्या मानाने जनुकातून आलेल्या रंगामुळे माशाला वेदना होतात असा पुरावा नाही. तेव्हा क्रौर्याचा आरोप या माशांवर तितकासा लागू पडत नाही, आणि तो लावून धरल्याने खऱ्या आक्षेपाचे बळ कमी होते.

निसर्गात हे मासे टिकतील का, यावर झालेले प्रयोग एका सुरात बोलत नाहीत. अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लाल झेब्रा मासे साध्या माशांपेक्षा शिकारी माशांच्या तोंडी जास्त पडले. पर्ड्यू विद्यापीठाच्या २०१५ च्या प्रयोगात लाल नर माद्यांना आवडले खरे, पण साध्या नरांनी त्यांना हुसकावून लावले आणि १५ पिढ्यांत हे जनुक जवळजवळ सगळ्या गटांतून नाहीसे झाले. यावरून निर्धास्त व्हावे, तर ब्राझीलचे उदाहरण आडवे येते. तिथल्या मत्स्यपालन केंद्रांतून निसटलेले लाल आणि हिरवे झेब्रा मासे पाराइबा दो सुल नदीच्या खोऱ्यातील ओढ्यांत सापडले. ते स्थानिक कीटकांवर जगतात, वर्षभर वितात आणि पावसाळ्यात सर्वाधिक वितात, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात नोंदले आहे. ब्राझीलने त्यांची विक्री २०१७ मध्येच बंद केली होती.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००३ मध्ये या माशांना नियमनाची गरज नाही असे म्हटले. साधे झेब्रा मासे तिथे वर्षानुवर्षे विकले जात होते, त्यापेक्षा चमकणाऱ्यांचा धोका जास्त नाही, असा तो युक्तिवाद होता. उष्ण प्रदेशातला मासा तिथल्या थंडीत तग धरत नाही, हा त्यामागचा मोठा दिलासा. गोव्यात तो दिलासा नाही. झेब्रा मासा मूळचा भारतीय उपखंडाचा. फ्रान्सिस हॅमिल्टन याने १८२२ मध्ये गंगेच्या खोऱ्यातून त्याचे वर्णन केले. भातखाचरे, उथळ डबकी आणि संथ ओढे ही त्याची आवडती ठिकाणे, आणि गोव्याच्या आतल्या तालुक्यांत यांची वानवा नाही.

समुद्रालगतच्या भागात खारे पाणी थोडा बांध घालते. मांडवी नदीत, जिला वरच्या भागात म्हादई म्हणतात, भरती गांजे गावापर्यंत चढते. खाजनातल्या (खाऱ्या पाण्यालगतच्या, बांध घातलेल्या शेतजमिनीतल्या) मानशीजवळ, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दारापाशी, सोडलेला गोड्या पाण्यातला छोटा मासा बहुधा तगणार नाही. पण गांज्याच्या वर, सत्तरी तालुक्यात म्हादईला मिळणारे व्हाळ (ओढे) बारमाही गोडे आहेत. कुळागरांत, म्हणजे बागायतींत, माडा-पोफळींच्या मुळाशी झऱ्याचे पाणी पाटांनी फिरवलेले असते, त्याला हिवाळ्यातही फारसा गारवा नसतो. आणि जून-जुलैत विहीर, तळी, शेत, व्हाळ हे सगळे एक होऊन वाहू लागते. अंगणातल्या सिमेंटच्या टाकीतला मासा नदीत जायला कुणी मुद्दाम सोडावा लागत नाही.

या पाण्यात आधीच कोणीतरी राहते, हे विसरून चालणार नाही. गोव्यातील हिवताप नियंत्रणाच्या १९९० च्या दशकातल्या चाचण्यांत डासांच्या अळ्या खाण्यासाठी अॅप्लोकायलस ब्लॉकी हा दीड-दोन इंची स्थानिक मासा वापरला गेला आणि तो कामाला आला. अशा गरीब, छोट्या माशांच्या वाट्याचे अन्न आणि जागा शोभेच्या माशाने खाऊ नये, असे म्हणण्यात भाबडेपणा नाही.

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. पर्यावरण संरक्षण कायद्याखालच्या १९८९ च्या नियमांनुसार जनुक-परिवर्तित जीवाची आयात, निर्मिती आणि विक्री मंजुरीशिवाय करता येत नाही. जनुक-परिवर्तित बीटी वांग्यावर देशभर सुनावण्या झाल्या आणि २०१० मध्ये त्याला स्थगिती मिळाली. त्याच देशात ग्लो टेट्रा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून मिळतो, आणि घेणाऱ्याला तो काय आहे हे कुणी सांगत नाही. दोष एकट्या दुकानदाराचा नाही, त्यालाही मासे देणारा काही सांगत नाही. तरी ग्राहकाला कळल्याशिवाय त्याची निवड ही निवड ठरत नाही, म्हणून पिशवीवर तशी पाटी असणे ही किमान अपेक्षा आहे.

ज्यांच्या घरी हे मासे आधीच आहेत त्यांनी ते मरेपर्यंत नीट सांभाळावेत. डॅनिओ आणि टेट्रा कळपाने राहतात, सहापेक्षा कमी ठेवू नयेत, आणि रात्री दिवा बंद करावा. नर-माद्या वेगळ्या ठेवाव्यात किंवा अंडी काढून टाकावीत. मासे नकोसे झाले तर देवळाच्या तळीत, विहिरीत किंवा व्हाळात सोडू नयेत. पुण्य म्हणून तर नाहीच. दुसऱ्या पाळणाऱ्याला द्यावेत. आजारी माशाला यातनांतून सोडवायचे झाल्यास लवंगतेल पाण्यात नीट मिसळून जास्त मात्रेने वापरतात, त्याने मासा आधी बेशुद्ध होतो. टाकीचे बदललेले पाणी गटारात ओतू नये. त्यात अंडी किंवा नजरेला न दिसणारी पिल्ले असू शकतात, म्हणून ते व्हाळापासून दूर, कोरड्या मातीत माडाच्या मुळाशी जिरवावे.