आजारी किंवा जखमी मुलाला तातडीने दवाखान्यात केव्हा न्यावे

मूल आजारी पडले किंवा त्याला लागले, की तीनपैकी एक निर्णय घ्यावा लागतो : घरी ठेवून लक्ष द्यायचे, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचे, की एक मिनिटही न दवडता रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग गाठायचा. हा निर्णय बहुतेक घरांत थर्मामीटरवरचा आकडा, उलट्यांची संख्या किंवा जखमेतून आलेले रक्त पाहून घेतला जातो. ही माहिती उपयोगी असली, तरी जास्त भरवशाच्या गोष्टी दुसऱ्याच आहेत. मूल कसे वागते, श्वास कसा घेते, त्याच्या त्वचेचा रंग कसा आहे आणि त्याचे वय किती आहे, हे आधी पाहावे. ३९ अंश तापातही खेळणी ओढणारे, पाणी मागणारे दोन वर्षांचे मूल सहसा धोक्यात नसते. ३८ अंश तापात दूध सोडून मलूल पडलेले महिन्याचे बाळ मात्र निश्चित धोक्यात असते.

मुलाचे शरीर बिघाड बराच वेळ झाकून ठेवते. शरीरातले पाणी किंवा रक्त कमी झाले, की हृदयाचे ठोके वाढतात, हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब टिकून राहतो. तो अगदी शेवटी आणि एकदम घसरतो. म्हणून रक्तदाब घसरण्याची वाट न पाहता आधीच्या खुणा ओळखाव्या लागतात : गार पडलेले तळहात-तळपाय, फिकट किंवा जाळीदार डागांची त्वचा, कोरडी जीभ, थांबलेली लघवी. छातीच्या मधल्या हाडावर बोटाने ५ सेकंद दाबून सोडले, तर फिकी पडलेली जागा साधारण २ सेकंदांत पूर्ववत व्हायला हवी. ३ सेकंद किंवा जास्त लागले, तर रक्ताभिसरण बिघडले आहे असे समजावे. सावळ्या त्वचेवर फिकेपणा किंवा निळसरपणा चटकन कळत नाही. तेथे ओठांची आतली बाजू, जीभ, हिरड्या आणि नखे पाहावीत.

कोठे न्यावे

तातडीच्या दवाखान्यात आधी वेळ न घेता जाता येते. तेथे सहसा टाके घालणे, एक्स-रे काढणे, हाडाला आधारपट्टी बांधणे, वाफेतून औषध देणे एवढी सोय असते. शस्त्रक्रियागृह आणि अतिदक्षता विभाग तेथे नसतात. तान्ह्या बाळाच्या मापाचे मास्क आणि नळ्याही सगळीकडे मिळत नाहीत. कानदुखी, खोल पण रक्त थांबलेली जखम, मुरगळलेला पाय, लघवीची जळजळ, पाणी पोटात ठरत असलेले जुलाब यांसाठी ही जागा योग्य. श्वास, शुद्ध किंवा रक्ताभिसरण यांपैकी काही बिघडले असेल, तर मुलांवर उपचार होणारे मोठे रुग्णालयच गाठावे. मधल्या ठिकाणी थांबल्याने फक्त वेळ जातो. मूल बेशुद्ध असेल, निळे पडत असेल किंवा मानेला मार बसला असेल, तर स्वतःच्या वाहनात न घालता रुग्णवाहिका बोलवावी, कारण उपचार गाडीतच सुरू होतात.

श्वास

घरच्या घरी सर्वाधिक माहिती देणारी तपासणी म्हणजे श्वास मोजणे. मूल शांत किंवा झोपलेले असताना अंगातला कपडा वर करावा आणि पोट-छाती किती वेळा वर येते, ते पूर्ण ६० सेकंद मोजावे. तान्ह्या बाळांचा श्वास अनियमित असतो. म्हणून १५ सेकंद मोजून चौपट करू नये. रडणाऱ्या मुलाचा आकडा निरुपयोगी असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाप्रमाणे २ महिन्यांखालील बाळात मिनिटाला ६० किंवा अधिक, २ महिने ते १ वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, १ ते ५ वर्षांत ४० किंवा अधिक श्वास म्हणजे जलद श्वास. तो त्याच दिवशी दाखवावा.

वेगापेक्षाही श्वासाला पडणारे कष्ट महत्त्वाचे. श्वास आत घेताना बरगड्यांखाली किंवा गळ्याच्या खळगीत खड्डा पडणे, नाकपुड्या फुलणे, दर उच्छ्वासाला कण्हल्यासारखा आवाज येणे, डोके श्वासाबरोबर हलणे, ओठ निळे पडणे, मध्येच श्वास थांबणे, यांपैकी काहीही दिसले तर थेट आपत्कालीन विभाग. येथे एक फसवी अवस्था असते. खूप वेळ धापा टाकून दमलेल्या मुलाचा श्वास मंदावतो, छातीतली शिट्टी ऐकू येईनाशी होते आणि मूल शांत पडते. घरच्यांना बरे वाटू लागते, पण हवा आत जाणेच कमी झालेले असते. मूल ताजेतवाने न होता आवाज कमी झाला, तर ती सुधारणा नव्हे.

दम्याच्या मुलाला एक वाक्य सलग बोलता येत नसेल किंवा इनहेलरचा आराम ४ तासही टिकत नसेल, तर निघावे. घोगरा, भुंकल्यासारखा खोकला आणि फक्त रडताना येणारा घर्र आवाज असेल, तर मुलाला मांडीवर शांत ठेवून डॉक्टरांना दाखवता येते. तोच आवाज मूल शांत बसलेले असतानाही आला, तर ती आणीबाणी. लाळ गळत असेल, मूल पुढे झुकून बसत असेल आणि गिळता येत नसेल, तर चमच्याने जीभ दाबून घसा पाहू नये, आडवेही झोपवू नये. त्या झटापटीत उरलीसुरली श्वासवाट बंद होऊ शकते.

ताप

येथे वय सगळ्यात जास्त बोलते. ३ महिन्यांखालील बाळाला ३८ अंश सेल्सियस (१००.४ अंश फॅरनहाइट) किंवा जास्त ताप आला, तर बाळ वरकरणी ठीक दिसत असले तरी लगेच रुग्णालयात न्यावे. या वयात रक्तातला किंवा मेंदूच्या आवरणाचा जंतुसंसर्ग दुसरे कोणतेही लक्षण न दाखवता सुरू असू शकतो. डॉक्टरांनी पाहण्याआधी तापाचे औषध देऊन बसून राहू नये. नवजात बाळाचे अंग उलट गार पडणे (३५.५ अंशांखाली), दूध न ओढणे, पहिल्या २४ तासांत दिसलेली किंवा तळहात-तळपायांपर्यंत पोचलेली कावीळ हीदेखील तितकीच तातडीची लक्षणे. ३ ते ६ महिन्यांच्या बाळाला ३९ अंश किंवा जास्त ताप असेल, तर त्याच दिवशी तपासणी हवी.

त्यापेक्षा मोठ्या मुलात आकड्यापेक्षा वागणूक पाहावी. तापाच्या चढात कोणतेही मूल कण्हते. खरी परीक्षा ताप उतरल्यावर. तेव्हाही ते उठून बसत नसेल, नजरेला नजर देत नसेल, उचलून घेतल्यावर शांत होण्याऐवजी जास्त रडत असेल, तर थांबू नये. मान ताठ होणे, टाळू फुगणे, उजेड सहन न होणे, सतत झोपेत राहणे ही मेंदूज्वराची लक्षणे असू शकतात. अंगावर लाल-जांभळे ठिपके आले, तर पारदर्शक काचेचा पेला त्यांवर दाबून पाहावा. दाबूनही ठिपके पुसट होत नसतील आणि ताप असेल, तर तासाचाही उशीर परवडत नाही. ५ दिवसांहून जास्त टिकलेला ताप तपासून घ्यावा. डेंग्यूच्या प्रदेशात उलटे भानही ठेवावे : तिसऱ्या ते सातव्या दिवशी ताप उतरत असतानाच पोटात जोराचे दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा एकदम आलेला गळाठा दिसला, तर तो धोक्याचा काळ असतो.

पॅरासिटामॉलची मात्रा वयावर नव्हे, वजनावर ठरते : दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांत किमान ४ ते ६ तास, २४ तासांत ४ पेक्षा जास्त वेळा नाही. चूक होते ती औषधाच्या तीव्रतेत. १० किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम द्यायचे, तर ५ मिलिलीटरमध्ये १२० मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे सुमारे ६ मिलिलीटर लागतात, २५० मिलिग्रॅमवाल्याचे ३ आणि १ मिलिलीटरमध्ये १०० मिलिग्रॅम असलेल्या थेंबांचे फक्त दीड. बाटली बदलली आणि चमचा तोच राहिला, की मात्रा दुप्पट-चौपट होते. सर्दीच्या औषधातही पॅरासिटामॉल असू शकते, ते वाचून घ्यावे. ॲस्पिरिन मुलांना स्वतःहून कधीही देऊ नये.

तापात येणारी आकडी ६ महिने ते ५ वर्षे या वयात आढळते आणि बहुतेक वेळा ५ मिनिटांच्या आत थांबते. मुलाला कुशीवर वळवावे, घड्याळ पाहावे. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत. ५ मिनिटांनी थांबली नाही, पुन्हा आली, शरीराच्या एकाच बाजूला आली किंवा नंतर मूल शुद्धीवर येत नसेल, तर रुग्णवाहिका. पहिलीच आकडी असेल, तर थांबली तरी त्याच दिवशी तपासणी करावी.

उलट्या, जुलाब, पोटदुखी

जुलाबात धोका पाण्याचा असतो. ८ तासांत लघवी नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही, डोळे किंवा टाळू खोल गेलेली, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर हळूहळू सपाट होते, ही शोष पडल्याची लक्षणे. ओआरएसची पुडी पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात (बहुधा १ लिटर) एकदम पूर्ण मिसळावी. अर्धी पुडी अंदाजाने घातली, की क्षारांचे प्रमाण बिघडते आणि जास्त दाट द्रावणाने रक्तातले सोडियम धोकादायक वाढू शकते. दर पातळ शौचानंतर २ वर्षांखाली ५० ते १०० मिलिलीटर, त्यावर १०० ते २०० मिलिलीटर द्यावे. उलटी झाली तर १० मिनिटे थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने सुरू करावे. असे देऊनही सगळे उलटून पडत असेल, तर शिरेवाटे सलाईनची गरज आहे. अंगावरचे दूध चालूच ठेवावे.

हिरव्या रंगाची उलटी, विशेषतः तान्ह्या बाळात, आतड्याला पीळ पडल्यामुळे असू शकते आणि काही तासांत आतडे निकामी होऊ शकते. बाळ ठरावीक वेळाने पाय पोटाशी घेऊन किंचाळते, मध्ये निपचित पडते आणि शौचात रक्तमिश्रित शेंब येते, ही आतड्यात आतडे शिरल्याची खूण. बेंबीपाशी सुरू होऊन उजवीकडे खाली सरकलेली, उडी मारताना वाढणारी पोटदुखी अपेंडिक्सची असू शकते. मुलग्याने पोटात खाली दुखते असे सांगितले, तर कपडे काढून वृषणे पाहावीत. मुले लाजेने खरी जागा सांगत नाहीत, आणि पिळलेले वृषण वाचवायला साधारण ६ तासच हाती असतात.

दुखापती

डोक्याला मार लागल्यावर लगेच रडून थोड्या वेळात खेळू लागलेल्या मुलावर घरी लक्ष ठेवता येते. बेशुद्धी, पुन्हा पुन्हा उलट्या, वाढती डोकेदुखी, गोंधळलेले बोलणे, आकडी, नाका-कानातून पाणी किंवा रक्त, कपाळाऐवजी डोक्याच्या बाजूला किंवा मागे आलेले मऊ टेंगूळ असेल, तर आपत्कालीन विभाग. २ वर्षांखालील मूल सुमारे ३ फुटांवरून किंवा मोठे मूल ५ फुटांहून उंचावरून पडले असेल, तर लक्षणे नसली तरी दाखवावे. ३ महिन्यांखालील बाळाच्या डोक्याला लागले, तर उंची मोजत बसू नये.

भाजल्यावर २० मिनिटे नळाच्या वाहत्या, साध्या पाण्याखाली धरावे. अपघातानंतर ३ तासांपर्यंत याचा उपयोग होतो. बर्फ, टूथपेस्ट, तूप लावू नये. भाजलेला भाग गार करताना बाकीचे अंग उबदार ठेवावे. मुलाच्या स्वतःच्या बोटांसकट तळहाताएवढी किंवा मोठी भाजलेली जागा, चेहरा, हात, पाय, जांघ, सांधा, तसेच विजेने किंवा रसायनाने भाजणे, यांसाठी रुग्णालय हवेच.

वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड धरून सलग १० मिनिटे दाबावे. दर मिनिटाला उचलून पाहिले, तर गोठू लागलेले रक्त सुटते. कडा फाकलेल्या जखमेला टाके लागतात आणि ते त्याच दिवशी घालावेत. जखमेत घुसलेली वस्तू ओढून काढू नये. कुत्रा, मांजर, माकड चावले किंवा वटवाघळाचा स्पर्श झाला, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन रेबीजच्या लशीसाठी त्याच दिवशी जावे; ओरखडा लहान असला तरी. साप चावला तर तो भाग हलू न देता न्यावे. आवळून बांधू नये, चिरू नये.

वाकडा दिसणारा, बधिर किंवा गार पडलेला हात-पाय तातडीचा. हाताला धरून उचलल्यावर लहान मूल हात हलवेनासे झाले, तर बहुधा कोपराचे हाड सरकलेले असते. डॉक्टर ते क्षणात बसवतात. घरी ओढून पाहू नये.

गिळलेल्या वस्तू आणि विष

बटणासारखा चपटा सेल गिळल्याचा नुसता संशयही पुरेसा आहे. अन्ननलिकेत अडकलेला सेल लाळेच्या संपर्कात विद्युतप्रवाह निर्माण करतो आणि २ तासांत ऊती जाळू लागतो. सुरुवातीला मूल अगदी ठणठणीत दिसते. तडक एक्स-रे असलेल्या रुग्णालयात न्यावे. एकाहून जास्त लोहचुंबकही तसेच : ते आतड्यांच्या दोन वळशांना चिमटीत धरून भोके पाडतात. रॉकेल, ॲसिड, फिनाइल पोटात गेले असल्यास उलटी करवू नये, कारण परत येताना ते पुन्हा भाजते किंवा फुप्फुसात उतरते. बाटली बरोबर न्यावी.

घशात काही अडकून मूल खोकू शकत असेल, तर खोकू द्यावे. आवाज निघत नसेल तर १ वर्षाखालील बाळाला डोके खाली करून पाठीवर ५ थापा आणि छातीवर ५ दाब; मोठ्या मुलाला पाठीवर थापा आणि पोटावर वरच्या दिशेने झटके. न दिसणारी वस्तू बोटाने चाचपू नये, ती आत सरकते. नंतर खोकला रेंगाळला, तरी तपासावे.

खाल्ल्यानंतर किंवा दंशानंतर अंगावर पित्त उठून त्याबरोबर श्वास, आवाज बिघडला किंवा उलट्या झाल्या, तर ती तीव्र ॲलर्जी. ॲड्रिनॅलीनचे इंजेक्शन जवळ असेल, तर ते आधी मांडीत द्यावे. बरे वाटले तरी रुग्णालयात न्यावे, कारण काही तासांनी दुसरी लाट येऊ शकते.

निघताना

मोडलेले हाड, पोटदुखी, वृषणाचा पीळ यांत शस्त्रक्रिया लागू शकते. वाटेत खायला-प्यायला देऊ नये. वजन, दिलेल्या औषधाचे नाव, तीव्रता, मात्रा व वेळ, शेवटची लघवी, ॲलर्जी आणि लसीकरण एका कागदावर लिहून घ्यावे. आकडीचे किंवा विचित्र श्वासाचे मोबाईलवरचे अर्ध्या मिनिटाचे चित्रण डॉक्टरांना वर्णनापेक्षा जास्त सांगते. रक्ताचे शौच असेल, तर लंगोटही न्यावा. मुलाला रोज सांभाळणाऱ्या माणसाला ‘हे आज नेहमीसारखे नाही’ असे वाटत असेल, तर तेही डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. बालरोगतज्ज्ञ या जाणिवेला लक्षणाइतकेच वजन देतात. तपासून घरी पाठवले तर कोणत्या खुणा दिसल्यास परत यायचे आणि किती तासांत, हे विचारल्याशिवाय निघू नये.