पैज लावणारा कोण?

मार्च १९३९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात पहिल्या वर्षाला असलेल्या एका मुलाने १० डॉलरच्या पैजेखातर जिवंत गोल्डफिश गिळून दाखवला. भोवती पोरांचा घोळका होता आणि बातमीदारही आला होता. पुढच्या काही आठवड्यांत अमेरिकेतल्या कॉलेजांमध्ये कोण जास्त मासे गिळतो याची चढाओढच लागली. हरभऱ्याच्या झाडावर चढवणारे मित्र आणि त्यांच्यासमोर मागे न हटणारा पोरगा ही जोडी इंटरनेटपेक्षा कितीतरी जुनी आहे.

मात्र पैज लावणारा तेव्हा समोर उभा असायचा. काही बरंवाईट झालं तर धावून जायलाही तोच असायचा.

गळा आवळून क्षणभर गुंगी अनुभवण्याचा जीवघेणा प्रकारही असाच जुना. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेने २००८ मध्ये बातम्यांच्या आधारे त्याचा हिशोब मांडला. १९९५ ते २००७ या काळात ६ ते १९ वयोगटातले ८२ मृत्यू या प्रकारामुळे झाले असावेत, असं त्यात निघालं. सरासरी वय १३ च्या थोडं वर. जवळजवळ सगळी मुलं त्या वेळी एकटी होती, आणि शुद्ध हरपल्यावर स्वतःला सोडवता येत नाही. पुरेसा तपशील मिळालेल्या ४२ प्रकरणांपैकी ३९ मध्ये आईवडिलांना असं काही असतं याचा पत्ताच नव्हता. व्हिडिओ ॲप यायच्या कितीतरी आधीची ही आकडेवारी आहे, म्हणून सगळं खापर मोबाइलवर फोडणाऱ्यांनी ती जरूर पाहावी.

२०१२ च्या सुमारास दालचिनीची लाट आली. चमचाभर कोरडी पूड पाण्याशिवाय एका मिनिटात गिळायची, एवढंच. पण लाळ त्या पुडीला पुरत नाही. ठसका लागतो, माणूस धापा टाकत श्वास घेतो आणि पूड फुफ्फुसात जाते. तिथे ती विरघळत नाही आणि सूज येते. बघणाऱ्याला मात्र तोंडातून उडणारा तपकिरी ढग तेवढा दिसतो आणि हसू येतं.

दोनच वर्षांनी बर्फाच्या पाण्याची बादली डोक्यावर ओतून घेण्याची टूम निघाली. हेतू चांगला होता. स्नायू हळूहळू निकामी करणाऱ्या एएलएस या चेतासंस्थेच्या आजारासाठी अमेरिकेतल्या एका संस्थेकडे ११.५ कोटी डॉलर जमले. पण नाव घेऊन पुढच्याला आव्हान द्यायचं, २४ तासांची मुदत द्यायची, हा साचा जगभर रुळला तो तेव्हाच. साच्यात काय ओतायचं हे नंतर ज्याने त्याने ठरवलं.

मधल्या काळात घबराटीचीही साथ आली. २०१६ मध्ये रशियात ‘ब्लू व्हेल’ची, म्हणजे मुलांना टप्प्याटप्प्याने आत्महत्येपर्यंत नेतो असं म्हटल्या गेलेल्या ऑनलाइन खेळाची, चर्चा सुरू झाली. ऑगस्ट २०१७ मध्ये भारत सरकारने त्याच्या लिंक काढून टाका असं कंपन्यांना कळवलं, आणि पुढे चौकशीअंती कोणत्याही घटनेशी या खेळाचा संबंध सिद्ध झाला नाही असं संसदेत सांगितलं. मुलांना स्वतःला इजा करायला लावतो अशी आवई उठलेल्या ‘मोमो’चा भेसूर चेहरा तर एका जपानी कलाकाराच्या शिल्पाचा फोटो होता. तो मुलांपर्यंत पोचवला बहुतेक घाबरलेल्या मोठ्यांच्या फॉरवर्डनीच.

खरे धोके त्याच वेळी चालू होते. २०१८ च्या सुरुवातीला किशोरवयीन मुलं कपडे धुण्याच्या द्रव डिटर्जंटच्या छोट्या पुड्या कॅमेऱ्यासमोर चावत होती. जानेवारी २०१९ मध्ये यूट्यूबने जिवावर बेतणारी आव्हानं आणि खोड्यांबाबतचे नियम स्पष्ट केले.

या वयाची मुलंच का, यावर २००५ चा एक प्रयोग बोलका आहे. कॉम्प्युटरवर गाडी चालवायची, सिग्नल पिवळा झाला की थांबायचं की दामटायची ते ठरवायचं. मित्र शेजारी बसले की १३ ते १६ वर्षांची मुलं कितीतरी जास्त धोका पत्करत. २४ च्या पुढच्यांना मित्र असले-नसले तरी विशेष फरक पडत नव्हता. आता तो शेजारी बसलेला मित्र म्हणजे व्ह्यूजचा आकडा, आणि तो कधीच उठून घरी जात नाही.

जानेवारी २०२१ मध्ये इटलीतल्या पालेर्मोत १० वर्षांची मुलगी गळा आवळला जाऊन गेली. ती टिकटॉकवरच्या आव्हानात भाग घेत होती, असा संशय होता. वयाची खात्री नसलेली खाती बंद करा, असा आदेश तिथल्या डेटा संरक्षण प्राधिकरणाने टिकटॉकला दिला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात १० वर्षांचीच आणखी एक मुलगी गळा आवळण्याच्या अशाच आव्हानात दगावली. तिच्या आईने टिकटॉकवर खटला भरला. तिचा दावा असा की त्या आव्हानाचा व्हिडिओ ॲपनेच मुलीच्या ‘फॉर यू’ पानावर, म्हणजे ॲप स्वतः निवडून व्हिडिओ दाखवतं तिथे, आणून ठेवला होता. खालच्या कोर्टाने खटला फेटाळला, कारण दुसऱ्यांनी टाकलेल्या मजकुराची जबाबदारी अमेरिकन कायद्यानुसार कंपनीवर येत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये अपील कोर्टाने तो निकाल फिरवला. कोणता व्हिडिओ कुणाला दाखवायचा हे अल्गोरिदम ठरवत असेल, तर ती शिफारस कंपनीचं स्वतःचं बोलणं ठरते, असं कोर्टाने म्हटलं.