खडकवासल्यातून किती सोडलंय?

जुलैत पावसाने जोर धरला की पुण्यात एकच प्रश्न फिरतो: खडकवासला धरणातून किती पाणी सोडलंय? मुठेवरचा भिडे पूल पाण्याखाली जाणार की नाही, ते त्यावर ठरतं. २०२४ च्या जुलैत सिंहगड रोडच्या एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हापासून तिथे कोणी मध्यरात्री उठून आकडा बघत असेल तर नवल नाही.

समजा, हा आकडा दाखवणारी एक साइट आहे. विसर्ग बदलतो तासा-दोन तासांनी, पण पान उघडणारे सेकंदाला २ हजार. प्रत्येक वेळी आधी धरणांची यादी मागवायची, मग खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर यांची ताजी नोंद एकेक करून. म्हणजे पानामागे डेटाबेसला, म्हणजे नोंदींच्या साठ्याला, ५ प्रश्न (क्वेरी), सेकंदाला १० हजार. तेच उत्तर शोधून शोधून डेटाबेस शेवटी मान टाकतो. अशा वेळी ‘मोठा सर्व्हर घ्या’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. माझ्या मते ते पैसे पाण्यात.

आधी क्वेरी बघावी. पाचांचं काम एका जॉइनमध्ये, म्हणजे यादी आणि नोंदी जोडून विचारलेल्या एकाच क्वेरीत होतं. धरण आणि वेळ यांवर मिळून इंडेक्स (पुस्तकामागे असते तशी सूची) असेल, तर वर्षानुवर्षांच्या नोंदी न चाळता ताजी नोंद थेट हाती लागते.

मग कॅश. तयार उत्तर रॅममध्ये ठेवायचं, ३० सेकंदांची मुदत घालायची. तेवढ्यात ६० हजार जणांना उत्तर मिळतं, डेटाबेसकडे क्वेरी जाते एक. प्रोग्रामर ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी २००३ मध्ये लाइव्हजर्नल या ब्लॉगच्या साइटसाठी मेमकॅश्ड हे कॅशचं सॉफ्टवेअर लिहिलं, ते याच दुखण्यावर. आता त्याच कामाला रेडिसही सर्रास वापरतात.

खरी गंमत मुदत संपते त्या क्षणी. कॅश रिकामी दिसली की सगळे एकदम डेटाबेसवर तुटून पडतात. उत्तर यायला अर्धा सेकंद लागला, तर तेवढ्यात हजार क्वेरी आदळलेल्या असतात! म्हणून पहिल्याने लॉक घेऊन, म्हणजे इतरांना तीच क्वेरी करू न देता, नवं उत्तर आणायचं आणि तोवर बाकीच्यांना जुनंच द्यायचं.

पण जुनं म्हणजे किती जुनं? पुस्तकांच्या दुकानाला दहा मिनिटं चालतील, नदीकाठच्या घराला नाही. इथे नवा विसर्ग डेटाबेसमध्ये नोंदवला की लगेच कॅशमध्येही लिहावा, मुदत संपायची वाट बघू नये. आणि आकड्याशेजारी वेळ छापावी ती नोंदीची. पान उघडल्याची वेळ छापली, तर शिळा आकडाही ताजा म्हणून खपतो.